कडक मालकाकडं टिकायचं की सोडायचं? सीमाभागातल्या कामगारानं मांडायचा हिशोब

बिदर/कलबुर्गी : सणाला गाव भरलं की भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद किंवा आळंदच्या बसस्टँडवर एक संभाषण हमखास ऐकायला मिळतं. "काय करालास सध्या?" असं एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "कंपनीत हाय की. पण सोडावं म्हणालालो." मग कारणं निघतात. सुपरवायझर चारचौघांत बोलतो. पगार पंधरा तारखेच्या आत कधी होत नाही. आठ तास सांगून बारा तास थांबवून घेतात. पण लगेच पुढचं वाक्यही येतं : "सोडून जावं तर कुठं? घरून जाऊन-येऊन तरी होतंय."

प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. हुमनाबाद आणि बिदरजवळच्या कोळार औद्योगिक क्षेत्रातले कारखाने, कलबुर्गीच्या डाळमिल, सेडम-वाडी-मळखेड पट्ट्यातले सिमेंट कारखाने, शहाबादच्या फरशीच्या खाणी, साखर कारखान्यांचा हंगाम, या सगळीकडं कंत्राटावर राबणारे हजारो हात आहेत. त्यांच्यापुढं पर्यायही उघडे दिसतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ उमरग्याहून हुमनाबाद, जहिराबाद करत पुढं जातो. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गही सुरू आहे. एका रात्रीत माणूस चाकणला किंवा पाटणचेरूला पोचू शकतो. म्हणूनच राग आला की बॅग भरणं सोपं झालंय. पण रागात सोडणं जसं महागात पडतं, तसंच भीतीनं टिकून राहणंही पडतं. दोन्हींचा हिशोब कागदावर मांडला तर निर्णय सोपा होतो.

आधी ओळखा, मालक कसला 'कठीण' आहे

'मालक वाईट आहे' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला पाहिजेत.

पहिला प्रकार कडक मालकाचा. वेळेवर या, मोबाईल बाहेर ठेवा, काम नीट झालं नाही तर परत करा. जिभेला तिखट, पण पगार ठरल्या तारखेला, पावतीसकट. अशा ठिकाणी पहिले सहा महिने जड जातात, पण हाताला काम लागतं.

दुसरा ढिसाळ मालक. माणूस गोड, पण पगार कधी सात तारखेला, कधी वीसला. पीएफ कापतो म्हणतो, भरतो की नाही माहीत नाही. इथं त्रास कमी वाटतो आणि नुकसान जास्त होतं, कारण ते लगेच दिसत नाही.

तिसरा लुबाडणारा. जादा तासांचे पैसे नाहीत, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी, सहीच्या कागदावर एक आकडा आणि हातात दुसरा.

चौथा धोक्याचा. मास्क नाही, मशीनला गार्ड नाही, टाकीत उतर म्हणतात. किंवा शिवीगाळ, मारहाण, बाईमाणसाशी गैरवर्तन. किंवा उचलीच्या नावाखाली माणसाला अडकवून ठेवणं.

पहिल्या प्रकाराशी जुळवून घेता येतं. दुसऱ्याला वेळीच लेखी विचारावं लागतं. तिसऱ्याकडं पुरावे जमवत दुसरं काम शोधावं लागतं. चौथ्या प्रकारात फायदा-तोटा मांडत बसायचं नसतं, तिथून आधी बाहेर पडायचं असतं. गोंधळ होतो तो पहिल्याला चौथा समजून सोडल्यानं, आणि चौथ्याला पहिला समजून सहन केल्यानं.

पगाराचा आकडा आणि हातात उरणारा पैसा

गावाकडच्या चर्चेत तुलना होते ती फक्त पगाराची. 'इथं पंधरा, पुण्यात वीस.' हिशोब समजावा म्हणून हेच आकडे धरू.

भालकी तालुक्यातला एक तरुण हुमनाबादला १५,००० रुपयांवर आहे असं समजा. १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० रुपये आणि ०.७५ टक्के ईएसआय म्हणजे साधारण ११३ रुपये कापून हातात १३,०८७ येतात. जाण्या-येण्याला १,२०० आणि घरात जेवणाखाण्यापोटी २,५०० दिले तर उरतात ९,३८७.

तोच पुण्याकडं २०,००० वर गेला. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर कपात १,८००, ईएसआय १५०, हातात १८,०५०. चौघांत खोलीचा वाटा ३,०००, मेस ३,५००, रोजचं जाणं-येणं आणि फोन १,०००, महिन्याकाठी गावी येण्याचा खर्च ८००. खर्च झाला ८,३००. उरले ९,७५०.

म्हणजे कागदावरचा पाच हजारांचा फरक प्रत्यक्षात ३६३ रुपयांवर आला. ज्याचं त्यानं आपले आकडे घालून बघावं. कुणाचं घरभाडं जास्त असेल, कुणाला कंपनीचं जेवण असेल. पण घरी राहण्याची किंमत पगाराच्या पावतीवर लिहिलेली नसते, एवढं लक्षात ठेवायचं. आई-वडिलांचं दुखणंखुपणं, तुरीची रास, सोयाबीनचा हंगाम, पोरांची शाळा, हे सगळं जवळ राहण्याच्या बाजूला मोजावं लागतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. वर्षभरानंतर काय, हे बघावं लागतं. इथं तीन वर्षं 'हेल्पर'चे 'हेल्पर'च ठेवत असतील आणि तिकडं वर्षात मशीन ऑपरेटर होता येत असेल, तर आजचे ३६३ रुपये हा खरा फरक नाहीच. खरा फरक पुढच्या दहा वर्षांच्या पगारात पडतो.

चार तास जादा म्हणजे किती?

याच तरुणाला रोज आठऐवजी बारा तास थांबवलं जातं आणि जादा पैसे मिळत नाहीत असं धरू. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. १५,००० भागिले २०८, तासाला साधारण ७२ रुपये पडतात. बारा तासांनी भागलं तर तासाला ४८ रुपयेच पडतात. मालकानं पगार न कापताही मजुरी एक तृतीयांशानं खाली आणलेली असते.

आता कायद्याचा हिशोब बघा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. रोजचे ४ जादा तास, महिन्याचे १०४ तास, दुपटीनं २०८ तासांची मजुरी. म्हणजे बरोबर आणखी एक पगार. रोज चार तास फुकट थांबणारा माणूस दर महिन्याला एक अख्खा पगार मालकाला सोडून देत असतो.

इथं एक गैरसमज दूर करायला पाहिजे. कर्नाटकानं २०२३ मध्ये कारखाने कायद्यात बदल करून दिवसाला १२ तासांपर्यंत कामाची मुभा दिली. त्याचा दाखला देऊन 'आता बारा तास कायदेशीर आहेत' असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे. रोज बारा तास धरले तर चार दिवसांत आठवडा भरतो. पाचव्या, सहाव्या दिवसाचं काम जादा कामच धरलं जातं.

न दिसणारी कमाई : पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी

कडक मालक सोडण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पीएफ : कामगाराच्या १२ टक्क्यांइतकीच रक्कम मालकानंही भरायची असते. तिचा एक भाग पेन्शनमध्ये जातो. यूएएन नंबर देशभर एकच असतो. बिदरची नोकरी सोडून पुण्याला किंवा हैदराबादला गेलं तरी नंबर बदलत नाही, जुनं खातं नव्याला जोडता येतं. अनेक जण नोकरी सुटली की पैसे काढून मोकळे होतात. पण दहा वर्षांची सेवा भरली तरच मासिक पेन्शनचा हक्क मिळतो आणि प्रत्येक वेळी पैसे काढले की ती मोजणी तुटते. म्हणून पैसे काढण्यापेक्षा खातं पुढं नेणं बरं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफशी जोडलेल्या विम्यातून वारसांना ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, हेही घरच्यांना माहीत असावं. मोबाईलवर पासबुक उघडून महिन्या-महिन्याची भरणा बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पावतीवर कपात आहे आणि पासबुकात भरणा नाही, तर मालक दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात गेला असं समजावं.

ईएसआय : २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. त्यात घरच्यांचाही इलाज येतो. कलबुर्गीत सेडम रोडवर ईएसआयसीचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय आहे. सीमाभागात एवढी मोठी सोय असूनही कार्डच काढलं नाही म्हणून खासगी दवाखान्यात कर्ज काढणारी कुटुंबं आहेत. सहा महिन्यांच्या भरण्याच्या काळात ७८ दिवसांचा भरणा झाला असेल तर पुढच्या लाभाच्या काळात आजारपणात ७० टक्के मजुरी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मिळते. कामावरच्या अपघाताला अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, वेळ आणि वाट यांचा कामाशी संबंध असेल तर, त्यात धरला जातो. रात्रीची पाळी करून महामार्गावरून मोटारसायकलनं गावाकडं येणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आणि ईएसआय लागू नसलेल्या ठिकाणीही कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहेच.

ग्रॅच्युइटी : सलग पाच वर्षं झाली की दर वर्षामागं १५ दिवसांची मजुरी. मूळ पगार १२,००० असेल तर १२,००० गुणिले १५ भागिले २६, गुणिले ५, असे साधारण ३४,६१५ रुपये होतात. साडेचार वर्षांवर फोरमनशी भांडून राजीनामा फेकणारा माणूस हे पैसे तिथंच सोडून येतो. सहा महिने तोंड बंद ठेवण्याची ही किंमत आहे. ती सोसायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

केंद्र सरकारनं २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. त्यात ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. सगळ्यांना नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यावर राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे. 'आमच्याकडं नेमणूकपत्राची पद्धत नाही' हे उत्तर आता चालत नाही.

मालक कोण, कंत्राटदार की कंपनी?

सीमाभागातल्या कारखान्यांत खूप वेळा कामगाराला आपला मालक कोण हेच सांगता येत नाही. गेटवर नाव कंपनीचं, हजेरी कंत्राटदाराची, आणि पगार देणारा गावचाच कुणी 'मेस्त्री' किंवा 'आण्णा'. पगार थकला की कंपनी कंत्राटदाराकडं बोट दाखवते आणि कंत्राटदार म्हणतो बिल निघालं नाही.

कायदा इथं सरळ आहे. कंत्राटदारानं मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम झालं त्याच्यावर येते. नंतर त्यानं ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. म्हणून गेटपासचा फोटो, हजेरी कार्ड, कंपनीचं नाव असलेला हेल्मेट-बिल्ला, बँक पासबुकातल्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे ड्युटीचे निरोप जपून ठेवावेत. 'हा आमचा माणूसच नाही' असं कुणी म्हणालं तर यातलाच कागद कामाला येतो.

उचल घेतली असेल तर

ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास जोड्या निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती लग्नाला, दवाखान्याला किंवा मागच्या वर्षीची उचल फेडायला गेलेली असते. मग मालक कसाही असला तरी 'फिटेपर्यंत हलायचं नाही'.

उचल घेणं हा गुन्हा नाही. पण उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं, दुसरीकडं काम करू न देणं, मजुरी किमान दरापेक्षा कमी लावून कर्ज कधी फिटूच न देणं, हे वेठबिगारीत मोडतं. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. त्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्जच रद्द होतं. राज्यघटनेचं कलम २३ सक्तीच्या मजुरीला मनाई करतं, आणि दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. ही तक्रार जिल्हाधिकारी, म्हणजे कर्नाटकात डीसी, किंवा तहसीलदाराकडं करता येते. काम ज्या जिल्ह्यात चाललंय तिथल्या अधिकाऱ्याकडं.

उचल घेणाऱ्यानं निदान एवढं करावं. रक्कम किती, टनाला किंवा हजार विटांना दर किती, हे वहीत तारखेसकट लिहावं आणि मुकादमासमोर फोनवर फोटो काढून ठेवावा. नवरा-बायकोची मजुरी एकत्र धरली जात असली तरी दोघांची नावं लिहून घ्यावीत. कोऱ्या बाँडवर, कोऱ्या चेकवर सही करू नये. आणि घरात एकाकडं तरी कारखान्याचं नाव, गाव आणि तालुका लिहिलेला कागद असावा.

तीन राज्यांच्या मधे

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तिकडं-इकडं वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. नाती मात्र तशीच राहिली. मामा देवणीत, बहीण जहिराबादला, आणि नोकरी बिदरला. त्यामुळं कामगारांच्या गप्पांत तीन राज्यांचे नियम एकमेकांत मिसळतात.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच : कायदा आणि किमान वेतन काम जिथं आहे त्या राज्याचं लागतं. आधारकार्डावर कुठला पत्ता आहे याला महत्त्व नाही. कर्नाटकात महागाई भत्ता दर एप्रिलला बदलतो, महाराष्ट्रात वर्षातून दोनदा. उदगीरचा माणूस बिदरला कामाला असेल तर त्याची तक्रार बिदरच्या कामगार कार्यालयात आणि भालकीचा माणूस पुण्यात असेल तर पुण्यात. गावी परत आल्यावर 'आता इथं तक्रार करतो' म्हणलं तर बहुतेक वेळा फाईल हलत नाही. म्हणून गाव गाठण्याआधी तिथंच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

यूएएन, ईएसआयचा विमा नंबर, ई-श्रम कार्ड आणि रेशनकार्डाची देशभर चालणारी सोय, या चार गोष्टी सीमा ओलांडूनही बरोबर येतात. बाहेर पडण्याआधी चारही चालू आहेत का बघावं.

कलम ३७१-जे बद्दलही घोळ आहे. बिदर, कलबुर्गीसह कल्याण कर्नाटकाला त्यातून मिळणारं आरक्षण सरकारी नोकऱ्या आणि शिक्षणासाठी आहे. खासगी कारखान्यात त्याचा आधार घेऊन नोकरी मागता येत नाही किंवा टिकवता येत नाही. सरकारी भरतीची तयारी करणाऱ्यांना मात्र ते उपयोगी आहे. तिथं कन्नडची परीक्षा आडवी येते, आणि मराठी शाळेतून शिकलेल्या पोरांची गाडी बहुतेक वेळा तिथंच अडते. कडक मालकाकडच्या दोन वर्षांत कन्नड बोलता-वाचता येऊ लागलं असेल तर ती कमाईही हिशोबात धरावी. सुपरवायझर व्हायलाही तीच भाषा लागते. तोवर नोटीस किंवा करारनामा कन्नड-इंग्रजीत असेल तर न वाचता सही करायची नाही. फोटो काढून घरी न्यायचा, कळणाऱ्याला दाखवायचा, मग सही.

इथं हिशोब थांबवायचा

काही गोष्टींना 'थोडं सहन कर' हे उत्तर नाही.

जिवाचा धोका : रसायनाची टाकी, सांडपाण्याचा हौद, बॉयलर, सायलो अशा बंदिस्त जागेत हवा तपासल्याशिवाय, दोर आणि वर उभा माणूस असल्याशिवाय उतरायचं नसतं. आत विषारी वायू असेल तर पहिला माणूस काही सेकंदांत पडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही जातो. देशात अशा दुर्घटना याच पद्धतीनं घडत आल्या आहेत. धोक्याची प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात जिवावर बेतेल असं दिसलं तर ते व्यवस्थापनाला आणि सुरक्षा समितीला सांगण्याचा कामगाराला हक्क आहे. 'उतरणार नाही' म्हणल्यानं नोकरी गेली तर जाऊ द्यावी.

बाईमाणसाचा छळ : दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायला पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी, डाळमिल असो की शेतातलं काम, जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. उशीर होण्याचं मुख्य कारण 'गावात कळेल' ही भीती. समितीनं तक्रारदाराचं नाव बाहेर सांगायचं नसतं, हे माहीत नसल्यानं कितीतरी जणी नोकरीच सोडतात आणि त्रास देणारा तिथंच राहतो.

कागदपत्रं अडकवणं : दहावीची सनद, आयटीआयचं प्रमाणपत्र 'जमा' करून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही. दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.

सोडायचं ठरलं तर

निर्णय सोडण्याचा झाला तरी 'उद्यापासून येत नाही' ही पद्धत सगळ्यात महाग पडते. गैरहजर दाखवलं की राहिलेला पगार अडतो, अनुभवाचं पत्र मिळत नाही, आणि त्याच औद्योगिक क्षेत्रात दुसऱ्या गेटवर आधीच नाव पोचलेलं असतं.

राजीनामा लेखी द्यावा, नेमणूकपत्रातली नोटीस पाळावी, पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवावा. पगाराच्या पावत्या आणि पीएफ पासबुकाचे फोटो आधीच काढून ठेवावेत, गेट बंद झाल्यावर मिळत नाहीत. पुढची नोकरी तोंडी नाही, लेखी हातात आल्यावरच इथला कागद द्यावा. पीएफमध्ये नोकरी सुटल्याची तारीख मालकानं टाकली नाही, तर दोन महिन्यांनंतर कामगाराला स्वतः ऑनलाइन टाकता येते. हाताशी निदान दोन महिन्यांचा घरखर्च असावा. तो नसेल तर तो जमेपर्यंत टिकणं हेच शहाणपणाचं. जिवाचा किंवा अब्रूचा प्रश्न असेल तर अर्थात एक दिवसही थांबायचं नाही.

पैसे थकले असतील तर कामगार कार्यालयात अर्ज, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथं मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं आहे. कन्नडमध्ये अर्ज लिहिण्याची अडचण असेल तर तिथंच मदत मागावी.

एका वहीच्या पानावर

राहायचं की जायचं हे ठरवताना पानाच्या मधे रेघ ओढावी. एका बाजूला इथं काय मिळतंय : खर्च जाऊन उरणारा पैसा, पीएफ-ईएसआयचा खरा भरणा, ग्रॅच्युइटीला किती महिने राहिले, शिकायला काय मिळतंय, घरी किती उपयोग होतोय. दुसऱ्या बाजूला काय जातंय : फुकट गेलेले तास, थकलेले दिवस, तब्येत, झोप, घरच्यांवर निघणारा राग. मग पुढच्या तीन महिन्यांत काय बदलायला पाहिजे त्याच्या दोन-तीन गोष्टी लिहून मालकाला किंवा ठेकेदाराला लेखी सांगाव्यात. उदाहरणार्थ, पगार सात तारखेच्या आत, ओव्हरटाइमची नोंद हजेरीत, मशीनवरचं काम शिकवणं. तीन महिन्यांनी तेच पान परत उघडावं.

कलबुर्गीची एमएसके मिल एकेकाळी शहराची ओळख होती. 'मिलमध्ये लागला' म्हणजे पोरगं मार्गी लागलं असं समजायचे. मिल बंद पडली, आता त्या भागाला नाव तेवढं उरलंय. चांगल्या मालकाची नोकरीही कायमची नसते, मग कठीण मालकाची कशी असेल? म्हणून राहणाऱ्यानं रोज थोडं शिकत राहावं आणि जाणाऱ्यानं आपले कागद, आपला नंबर आणि आपली मजुरी मोजून घेऊन जावं.